अडकणारी रेकॉर्ड

सुई अडकली, तसा अमरचा चेहरा खुलला. ढोलकीचे तेच चार ठोके पुन्हा पुन्हा वाजू लागले. गाणं पुढे सरकायला तयार नव्हतं. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. हा मात्र गुडघ्यावर ताल धरून बसला.

"हेच पाह्यजे होतं बाई! हे रेकॉर्ड मले द्या."

शकुबाईंनी हातातलं मासळीचं जाळं बाजूला टाकलं आणि चटकन सुई उचलली. "बाकी सारे ने. हे नाई भेटत."

अमर घुग्घुसचा डीजे. साल दोन हजार दोन. लोक कॅसेटी सोडून सीडी घ्यायला लागले होते आणि हा पठ्ठ्या जुन्या रेकॉर्डींमागे गावं पालथी घालत होता. नागपूरच्या एका दुकानात त्याने ड्रम अँड बेस नावाचं परदेशी संगीत ऐकलं होतं. बहुतेक गाणंबिणं नाहीच, नुसते धावते ठोके आणि त्यांच्याखाली छातीत घुमणारा खर्ज. तेव्हापासून त्याला झोप नव्हती. तसले ठोके त्याला आपल्या ढोलकीतून काढायचे होते, आणि त्याला एक युक्ती सापडली होती. रेकॉर्ड जिथे अडकते तिथे ठोका आपोआप फिरत राहतो. तेवढा टेप करून घेतला की झालं.

मग काय, सुट्टी मिळाली की तो मोटारसायकल काढायचा. जुन्या लाउडस्पीकरवाल्यांची घरं शोधायचा आणि पहिलाच प्रश्न विचारायचा, "अटकते का?" चांगल्या रेकॉर्डीला तो हातही लावत नसे. सिंदेवाहीची एक रेकॉर्ड दोन ठोक्यांवर अडकायची, मूलची एक टाळीवर. अडकायच्या जागी पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने साठेक जमवल्या होत्या. एटापल्लीच्या लाउडस्पीकरवाल्या लालसूने तर त्याला चहा पाजला आणि जाताना काळजीने एका डॉक्टरचा पत्ता दिला.

शकुबाईंचे यजमान मुखरू सकाळी तळ्यात जाळं टाकायचे आणि लग्नसराईत मशीनवर रेकॉर्डी लावून भोंगा वाजवायचे. पंचक्रोशीतलं एकही लग्न त्यांच्या मशीनशिवाय लागत नसे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. मशीन अजून धुतलेल्या धोतराच्या फडक्याखाली झाकलेलं असायचं. ही रेकॉर्ड अमरला त्यांच्या रेकॉर्डींच्या पेटीच्या तळाशी सापडली होती.

"काऊन नाई देत बाई? पुढचं तं वाजतच नाई त्याचं."

"न वाजू दे."

अमर वेडा असला तरी खोटा नव्हता. "एक सांगून ठेवतो. अटकते तिथं सुई घासत राह्यते. आता लय झिजलं हे. जास्त वाजवलं तं सुई सरकन पुढं निघून जाईन. मंग कधीच अटकणार नाई."

शकुबाईंनी वाकून रेकॉर्डच्या रेघा पाहिल्या. त्या वर्षातून एकदाच, लग्नाच्या तिथीला ती लावायच्या आणि अडकली की लगेच उचलायच्या. तरीही झिजतच होती तर!

"आमच्या लग्नात वाजून राह्यलं होतं हे," त्या हळूच म्हणाल्या. "मशीन त्यायचं सोताचं. दुसऱ्याच्या हाती देतील तं शपथ! बाशिंग बांधलेला नवरदेव अन् ध्यान सारं सुईवर. अंतरपाट धरला, लोकायच्या हातात अक्षदा, अन् हे अटकलं. गुर्जीले मंगलाष्टक म्हणता येईना. मंग हेच सुई उचलाले पळाले, एका हातात बाशिंग धरून. सारा मांडव हासला बाबू."

अमरलाही हसू आवरलं नाही. पण रेकॉर्ड मागायचा धीर आता त्याला होईना.

"रेकॉर्ड तुमचंच राहू द्या," तो म्हणाला. "फकस्त एक मिनिट टेप करू द्या. तेवढ्यात काई होत नाई."

शकुबाईंनी होकारार्थी मान हलवली. अमरने पिशवीतला टेपरेकॉर्डर काढून मशीनजवळ सरकवला, बटण दाबलं, सुई ठेवली. गाणं चाललं, आणि नेमक्या जागी अडकलं. तेच चार ठोके घरभर फिरू लागले. अमर घड्याळाकडे पाहत होता. शकुबाई दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. पदर सावरत त्या मधूनच हसल्या, नवरीसारख्या.

मिनिट संपलं. अमरने सुईकडे हात नेला. शकुबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"बाई, झिजन ते!"

"झिजू दे बाबू. तोवर मी त्यायचं तोंड बी पाह्यलं नव्हतं. अंतरपाटाआडून पळत निघाले तवा पह्यल्यांदा दिसले, याच ठोक्यावर, अन् झटकन सुई उचलून परत अंतरपाटाआड गेले. आज मले पोटभर पाहू दे."