थकबाकीदाराचा दरवाजा

मालमत्ता कराच्या वसुलीसाठी नगरपालिकेनं यंदा नवं पथक नेमलं. जो कर भरणार नाही, त्याच्या घराला सील. पथक येऊन थडकलं तेव्हा नानाजी पानठेल्यावर बसले होते. दोन वर्षांत आठ अर्ज देऊन, नगरपालिकेच्या ऑफिसात चपला झिजवून ते पार विटले होते.

“काका, कर भरता का घराले सील लावू?” पथकाच्या मोनाली मॅडमनं विचारलं.

“सीलच लावा. चाला, घर दाखवतो.”

नानाजी तरातरा भर रस्त्यात जाऊन उभे राहिले. देवळीची एसटी करकचून थांबली.

“काका, बाजूले व्हा! घर कोठी आहे?” मोनाली मॅडम ओरडल्या.

नानाजींनी पायाखालच्या डांबरावर टाच आपटली.

“रस्ता रुंद कराले तुमीच पाडलं ना! लावा सील. दरवाजा इथंच होता.”