चाचणीचा दात

कृत्रिम दात कोरायच्या मशीनमध्ये कच्च्या मालाची नवी, स्वस्तातली चकती बसवताना मेव्हणा म्हणाला, "दाजी, हिच्यातला पहिला दात फोडून बघू या. नेहमीसारखा."

"धडधाकट दात फोडायचा? माल काय फुकट येतो?" असं म्हणत दाजींनी तो दातही डबीत भरून दवाखान्यात धाडला.

आज तिथल्या डॉक्टरांचा फोन आला. "तुमचा दात पेशंटच्या तोंडात झोपेतच फुटला. तुकडा श्वासनलिकेत अडकलाय. त्या चकतीतले बाकीचे दात आधी थांबवा!"

दाजी त्या दातांच्या डब्या काढायला फळीकडे धावले. तेवढ्यात बायको घाम पुसत आत आली.



"अहो, सगळ्या डब्या पोचवल्या एकदाच्या. दोघांना तर माझ्यासमोरच दात बसवले!"