पावडर माझ्यासाठीच

दूर शिकायला गेलेल्या नातीच्या पत्राला आजोबांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. ‘जिममध्ये व्यायामाआधी घ्यायची एक पावडर मिळते. सगळ्या मैत्रिणी घेतात. मी घेऊ का? मला फिट येते हे तिथे सांगितलेलं नाही, हसतील म्हणून. तुमचं एवढं वाचन आहे. महिनाअखेरपर्यंत वाट बघते, मग सुरू करते.’ फोन दोघांकडेही होता; पण फोनवर ‘फिट’ हा शब्द दोघांच्याही तोंडून निघत नसे.

महिना संपत आला होता. आजोबा लिहीत होते, फाडत होते. ‘घेऊ नकोस’ म्हणावं, तर कशाच्या आधारावर? एका पुस्तकात एक, दुसऱ्यात भलतंच. पूर्ण झाला होता तो फक्त पाकिटावरचा पत्ता.

ते पाकीट खिशात घालून ते घराखालच्या जिमच्या दारात उभे होते. चपला काढाव्यात की नाही कळेना. काढल्या.

“या आजोबा,” ट्रेनरबाई म्हणाली. “कोणासाठी चौकशी?”

“माझ्यासाठीच.”

आरशासमोरचा दांडगा तरुण डंबेल उचलता उचलता म्हणाला, “दंड कोणाला दाखवायचेत आजोबा? आजीला?”

आजोबांचे कान तापले. मागे फिरावंसं वाटलं. त्यांनी घाईघाईनं फळीवरच्या डब्याकडे बोट केलं. “ती व्यायामाआधीची पावडर. मला चालेल का? मला... फिट येते.”

खोटं बोलायची सवय नव्हती, आवाज फाटला. तरुण हसला. मग त्यानं डंबेल खाली ठेवलं.

बाईनं डबा काढून फिरवून वाचला. “यात कॅफिन आहे, तेही भरपूर. बाकीच्याचं तुमच्या गोळ्यांशी जमेल का, ते मला नाही माहीत.”

“नाही माहीत?”

“नाही. डबा डॉक्टरांना दाखवा. ते हो म्हणेपर्यंत हात लावू नका. गोळी चुकवायची नाही, जागरण नाही, उपाशीपोटी यायचं नाही. आणि वजनाखाली एकट्यानं आडवं व्हायचं नाही.”

“पण सांगितलं, तर तुम्ही घरी पाठवाल.”

“सांगितलंच नाही, तर मी लक्ष कशी ठेवणार?”

‘माहीत नाही’ असं इतक्या सहज म्हणता येतं, याचंच आजोबांना नवल वाटत राहिलं. त्यांनी खिसे चाचपले. “एक कागद मिळेल? पेनही. घरी गेलो तर पुन्हा फाडीन.”

ती गोंधळून बघत राहिली. पण कागद दिला. तरुणानं एक स्टूल पुढे सरकवलं. आजोबांनी बाईचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं. आणि खाली लिहिलं: ‘तूही सांग. मी सांगून बघितलं. एक जण हसला. मग त्यानंच बसायला स्टूल दिलं.’

वाचूनही न बघता त्यांनी कागद खिशातल्या पाकिटात घालून ते बंद केलं आणि तरातरा रस्ता ओलांडला. टपालपेटीत पाकीट पडल्याचा आवाज आला तेव्हा कुठे ते वळले.

मागे तो तरुण उभा होता, त्यांच्या चपला हातात घेऊन.