गुलाबी रेघ

"गाडीला काही झालेलं नाही, बाय," बॉनेटखालून डोकं काढत बस्त्याव मेस्त्री म्हणाला. "डिझेल पंपाचं टायमिंग कुणीतरी मुद्दाम मागे ठेवलंय. म्हणून चढाला दम लागतो. ही बघ खूण."

सुलक्षणा वाकली. पंपाच्या जोडावर गुलाबी नेलपॉलिशची बारीक रेघ होती.

वीस-बावीस वर्षांपूर्वी तिला लायसन मिळालं, त्याच आठवड्यात तिची याच रंगाची बाटली हरवली होती. त्यावरून तिने घर डोक्यावर घेतलं होतं. बाबा मात्र मान खाली घालून सुपारी कातरत होते. तेव्हापासून ही पिकअप आंबोलीचा घाट बैलगाडीसारखी चढायची आणि ती चिडचिड करायची. "म्हातारी झालीय ती, सांभाळून घे," एवढंच बाबा म्हणायचे. आता तेही नव्हते.

मेस्त्रीने टायमिंग जागेवर आणलं. घाटात गाडी अशी सुसाट सुटली, की सुलक्षणाला हसू आवरेना. वरच्या वळणावर मात्र तिने करकचून ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग धरून तशीच बसून राहिली.

संध्याकाळी ती पुन्हा गॅरेजात आली.

"काय गो, ओढत नाही?"

"झकास ओढते. पण मेस्त्री, परत त्या गुलाबी रेघेवर आणा. माझ्या लेकीला काल लायसन मिळालंय."