कानातली वायर

चिकपेटच्या गजबजलेल्या बाजारातून बाइकवर जाताना रूपश्रीचा हात कायम पुढे बसलेल्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या खांद्यावर असे. उजवीकडून गाडी आली की ती उजव्या खांद्यावर थाप मारी, डावीकडून आली की डाव्या. आज मात्र ती काही करायच्या आतच हवालदार आडवा आला.

"काय रे, कधीचा शिट्टी मारतोय! गाणीच ऐकायचीत तर घरी बस की!" हेल्मेटखाली लोंबणारी इअरफोनची वायर बघून त्याचा पारा चढला होता. मागचा रिक्षावालाही शिव्या हासडून गेला. रूपश्री बोलायला तोंड उघडणार, तोच अण्णानं तिला डोळ्यांनी दटावलं. मान ताठ ठेवून त्यानं दंड भरला.

दुकानापाशी गाडी लावल्यावर मात्र ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि बोटांच्या खुणांनी कडाकडा भांडायला लागली. "वायरचं टोक खिशात नुसतंच पडलंय, फोनला जोडलेलंही नाही! तुला जन्मापासून ऐकू येत नाही, लायसन्ससुद्धा सरकारनं ते तपासूनच दिलंय. एवढं सांगितलं असतं तर हात जोडून सोडलं असतं त्यानं. रोज हे सोंग कशाला, अण्णा?"

अण्णा हसला. त्यानं वायर पुन्हा नीट कानात बसवली आणि मग बोटं हलवली.



"बहिरा म्हटलं की लोक कीव करतात, ती मला दिसते. शिव्या कुठे ऐकू येतात?"