वीस हातांचा खड्डा

त्या काळी बंदराची खोली शिसं बांधलेल्या दोरीने मोजत. यंत्राने उपसलेला वीस हातांचा खड्डा लाटांनी पुन्हा किती भरला, ते बघायला बाप पाण्यात उतरला होता. लेक होडीतून दोरी सोडत होती.

आधी दोरी वीस हात खाली गेली. मग बारा. मग सात.

"गाळ काय असा घटकेत चढतो? नीट मोज, बये," नावाडी हसला.

पाच.

बाप गाडला जाणार! तिने त्याच्या कमरेचा दोर जिवाच्या आकांताने ओढला. तो धापा टाकत होडीत चढला.

"बाबा, खड्डा भरत आलाय!"

"भरतोय कसला? वीस हातांच्याही खाली गेलो. पायाला तळच लागला नाही गं."

शिसं अजून पाचवरच टेकलेलं होतं. तिच्या मुठीतली ताठ दोरी हळूहळू सैल पडू लागली; शिसं ज्यावर टेकलं होतं, ते वर येत होतं.