कारण न सांगता

आमच्या घराण्यातला रक्ताचा आजार सहसा कुठे सापडत नाही. त्यावरच्या नव्या औषधाच्या चाचणीसाठी माणसं हवीत म्हणून डॉक्टरांनी ‘मावशी, मावशी’ करत आत्याच्या घरचे उंबरठे झिजवले. आत्याने आम्हा सगळ्या भाचरांना उभं केलं.

शेवटच्या तपासणीला तिने बाही खाली ओढली. “चला रे, उठा. आम्ही सगळे ही चाचणी सोडतोय.”

“अहो मावशी, हातातोंडाशी आलेला घास! का पण?”

“कारण न सांगता सोडता येतं, तुम्हीच संमतिपत्रात वाचून दाखवलंत.”

डॉक्टर रडकुंडीला आले. “तरी मला कळायला नको?”

“मागे माझा मुलगा तुमच्या वॉर्डात दगावला, तेव्हा मीही हेच विचारलं होतं. तुम्ही हातमोजे काढत लिफ्टमध्ये शिरलात.”

मला त्या औषधाचा गुण येत होता. तरी सगळ्यांत आधी मीच उठले.